ईपब

ईपब : इ-पुस्तक साठवण्याचे आणि एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेण्याचे खुले प्रमाण. जे इ-पुस्तक उघडल्यावर अक्षर लहानमोठे करता येते आणि त्याबरोबर ओळी आपोआप नव्याने जुळतात, ते बहुधा ईपब असते किंवा ईपबवरून तयार केलेले असते. आतून ही सारी वेबचीच पाने असतात : एचटीएमएल या वेबच्या खूणभाषेत लिहिलेली, सीएसएस या मांडणीच्या नियमांनी सजवलेली आणि एका गाठोड्यात क्रमाने बांधलेली. ग्रंथप्रकाशन आणि वेब हे दोन व्यवहार गेल्या पंचवीस वर्षांत कसे जवळ आले आणि कुठे वेगळे राहिले, हे पाहायला ईपबइतकी चांगली जागा दुसरी नाही.

गाठोड्याच्या आत

ईपब फाइलीच्या नावाचे शेपूट बदलून 'झिप' केले, तर ती साध्या झिप फाइलीसारखी उघडते. आत सर्वांत आधी 'माइमटाइप' नावाची इवलीशी फाइल असते आणि तिच्यात एकच ओळ : 'ॲप्लिकेशन/ईपब+झिप'. ही फाइल पहिलीच हवी आणि ती दाबून लहान केलेली नसावी, असा दंडक आहे. सगळे गाठोडे न सोडता सुरुवातीच्या काही बाइटांवरूनच 'हे पुस्तक आहे' हे वाचन-ॲपला कळावे, म्हणून. त्यानंतर एक छोटे फोल्डर पुस्तकाची मुख्य यादी कुठे आहे ते सांगते. त्या यादीत पुस्तकाचे नाव, लेखक, भाषा व ओळखक्रमांक असतो, गाठोड्यातल्या एकूण एक फाइलीची मोजदाद असते, आणि 'स्पाइन' म्हणजे कणा असतो. कोणत्या पानानंतर कोणते पान, हे कणा ठरवतो.

पुस्तकपण आहे ते या कण्यात. वेबवरच्या पानाला आधी आणि नंतर असे काही नसते. वाचक दुव्यावरून कुठूनही येतो आणि कुठेही निघून जातो. पुस्तकाला पहिले पान असते, शेवटचे असते आणि मधल्या पानांचा क्रम लेखकाने विचाराने लावलेला असतो. मजकूर, चित्रे, टंक, दुवे आणि ध्वनी यांसाठीची साधने ईपबने वेबकडून तयार घेतली. स्वतःची भर घातली ती क्रमाची आणि हद्दीची.

एका बाबतीत ईपब वेबपेक्षा कडक आहे. परिच्छेद संपल्याची खूण लिहायची राहिली, तर ब्राउझर सांभाळून घेतो. ईपबची पाने एक्सएचटीएमएल या काटेकोर रूपात लिहावी लागतात. तिथे एक खूण उघडी राहिली, तरी अख्खे प्रकरण कोरे दिसू शकते. म्हणून पुस्तक विक्रीला ठेवण्यापूर्वी ते 'ईपबचेक' या मोफत प्रणालीतून तपासून घेतात. ती बांधणी तपासते, शुद्धलेखन नाही. प्रूफ वाचणाऱ्याचे काम तसेच शिल्लक राहते.

प्रमाण कसे घडले

1971 मध्ये मायकेल हार्ट यांनी अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा संगणकावर टाइप केला आणि त्यातून प्रोजेक्ट गुटेनबर्ग हा मोफत इ-पुस्तकांचा संग्रह उभा राहिला. तिथली सुरुवातीची पुस्तके म्हणजे साधा, बिनसजावटीचा मजकूर होता. पुढे 1998 च्या सुमारास अमेरिकेत रॉकेट ईबुक आणि सॉफ्टबुक ही वाचनयंत्रे विकायला आली, तेव्हा प्रकाशकांपुढे रोजच्या कामातली अडचण उभी राहिली. प्रत्येक यंत्राची फाइल वेगळी, म्हणजे एकाच पुस्तकाची जुळणी पुन्हापुन्हा करायची. त्यावर उपाय म्हणून सप्टेंबर 1999 मध्ये 'ओपन ईबुक' हे प्रमाण आले. ते ठरवणाऱ्यांनी पुस्तकांसाठी नवी भाषा घडवली नाही. एचटीएमएल जाणणारी माणसे तोवर जगभर झाली होती. तीच भाषा त्यांनी उचलली. हा निर्णय फार दूरदृष्टीचा होता. पुढे वेबवर टंक सुधारले, गणिताची मांडणी आली, ध्वनी आला, तसतसे ते पुस्तकालाही मिळत गेले.

हे काम पाहणारी संस्था पुढे इंटरनॅशनल डिजिटल पब्लिशिंग फोरम, म्हणजेच आयडीपीएफ, या नावाने ओळखली गेली. तिने 2007 मध्ये 'ईपब 2' प्रसिद्ध केले. ऑक्टोबर 2011 च्या 'ईपब 3' ने एचटीएमएल 5 स्वीकारले. जपानी पुस्तकांसाठी उभी जुळणी, गणितासाठी मॅथएमएल, आणि वाचून दाखवणाऱ्या आवाजाबरोबर पडद्यावरची ओळ उजळवण्याची सोय ही त्याची वैशिष्ट्ये. ही शेवटची सोय लहान मुलांच्या पुस्तकांना विशेष उपयोगी आहे.

ॲमेझॉनच्या किंडल या वाचनयंत्राने (2007) वेगळी वाट धरली. मोबीपॉकेट ही फ्रेंच कंपनी ॲमेझॉनने 2005 मध्ये घेतली होती. तिचेच स्वरूप किंडलसाठी वापरले गेले. मात्र त्या फाइलींच्या पोटातही एचटीएमएलच होते. आपल्याजवळची फाइल किंडलवर पाठवण्याच्या सेवेत 2022 पासून ईपबही चालू लागले.

2017 च्या आरंभी आयडीपीएफ ही संस्था वेबची प्रमाणे ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियममध्ये विलीन झाली. 25 मे 2023 रोजी 'ईपब 3.3' हे त्या संस्थेचे अधिकृत शिफारसपत्र झाले आणि एचटीएमएलला घडवणाऱ्या घरातच ईपबला कायमची जागा मिळाली. अशा शिफारसीसाठी प्रत्येक वैशिष्ट्य स्वतंत्रपणे बनवलेल्या किमान दोन प्रणालींत चालते हे दाखवावे लागते. त्यासाठी ईपबच्या चाचण्यांचा मोठा संच तयार झाला. वाचकाला हे काम दिसत नाही, पण एका ॲपमध्ये नीट दिसणारे पुस्तक दुसऱ्यात विस्कटू नये याची काळजी इथे घेतली जाते.

एकरूप होणे कुठे थांबले

विलीनीकरणामागे एक मोठे स्वप्न होते. आयडीपीएफचे मार्कुस ग्युलिंग आणि वेब कन्सॉर्शियमचे इव्हान हर्मन यांनी त्याआधीच 'ईपब-वेब' ही कल्पना मांडली होती : पुस्तक ब्राउझरमध्ये वाचा किंवा उतरवून प्रवासात वाचा, वस्तू एकच असावी, ऑनलाइन आणि ऑफलाइन हा भेदच उरू नये. याच दिशेने 'वेब प्रकाशने' या प्रमाणाचा मसुदा 2017 नंतर लिहिला जाऊ लागला. पण ब्राउझर बनवणाऱ्यांनी त्यात रस घेतला नाही आणि प्रकाशकांचे ईपबवर भागत होते. मसुदा बाजूला पडला. त्यातून निघालेली प्रकाशनाच्या तपशीलपत्राची आणि श्राव्य पुस्तकांची अशी दोन प्रमाणे नोव्हेंबर 2020 मध्ये मंजूर झाली.

मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्ये 2017 पासून ईपब थेट उघडत असे; 2019 मध्ये ती सोय काढली गेली. त्याच वर्षी त्या कंपनीने आपले पुस्तकांचे दुकान बंद केले. ग्राहकांचे पैसे परत दिले, पण विकत घेतलेली पुस्तके जुलै 2019 पासून उघडेनाशी झाली, कारण दर वेळी परवाना तपासणारी यंत्रणाच थांबली होती. समासात केलेल्या टिपणांची भरपाई पैशांनी होत नाही. गाठोडे हातात असणे महत्त्वाचे ते यासाठी. कुलूप नसलेली ईपब फाइल कोणाच्याही सर्व्हरवर अवलंबून नसते. ग्रंथालयाला ती जतन करता येते, वाचकाला नव्या फोनवर नेता येते.

याउलट काही ग्रंथ बांधणी सोडून वेबवर गेले की अधिक कामाचे होतात. शब्दकोश कोणी पहिल्या पानापासून वाचत नाही. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती, 1857) शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई डिजिटल ग्रंथालयात शब्द टाकून शोधता येतो. तिथे 'कणा' या एका शब्दापुरते पान समोर येते, आणि कोशाकडून तेवढेच हवे असते.

मराठी पुस्तकाची अडचण

मराठीत इ-पुस्तक म्हटले की अजूनही पुष्कळांच्या डोळ्यांसमोर पीडीएफ येते. दिवाळी अंकांपासून पोथ्यांपर्यंत सगळे व्हॉट्सॲपवर पीडीएफमध्येच फिरते. छापील पान जसेच्या तसे दिसावे, हा पीडीएफचा हेतू. मोबाइलच्या अरुंद पडद्यावर मात्र ते पान बोटांनी ताणून, डावीकडे-उजवीकडे सरकवत वाचावे लागते.

पण पानाच्या आकारापेक्षा खोल अडचण अक्षरांची आहे. वर्षानुवर्षे मराठी पुस्तकांची जुळणी युनिकोडपूर्व फॉन्टांत होत आली. (युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारे प्रमाण.) त्या जुन्या फॉन्टांत संगणकाच्या दृष्टीने मराठी अक्षरे नसतातच. रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागांवर देवनागरीचे आकार बसवलेले असतात. फॉन्ट काढून घेतला, की 'किल्ला'च्या जागी निरर्थक चिन्हांची रांग उरते. शिवाय हे आकार दिसतात त्या क्रमाने साठवलेले असतात : 'कि' लिहिताना वेलांटी आधी, 'क' नंतर. युनिकोडमध्ये उच्चाराप्रमाणे 'क' आधी आणि वेलांटी नंतर येते. 'मार्ग'मधला रफार जुन्या फॉन्टात 'ग'च्या मागून येतो. युनिकोडमध्ये अर्धा 'र' 'ग'च्या आधी बसतो. त्यामुळे जुन्या फाइलीचे रूपांतर करताना नुसती अक्षरे बदलून भागत नाही, क्रमही उलटावा लागतो. जोडाक्षरे आणि रफार एकत्र आले की रूपांतरक हमखास चुकतो. म्हणून अशा मजकुराचे प्रूफ पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचावे लागते. जुन्या पुस्तकांचे ईपब करण्यात खरा वेळ आणि पैसा जातो तो इथे.

युनिकोडमध्ये आल्यावरही काही बारकावे उरतात. 'दुसऱ्या'मधला चंद्रकोरीसारखा 'र' दोन प्रकारे साठवता येतो : नुक्ता असलेल्या 'ऱ' ला हलन्त देऊन, किंवा साध्या 'र' ला हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात; शोध घेताना मात्र एका प्रकारे टाइप केलेला शब्द दुसऱ्या प्रकारे साठवलेल्या पुस्तकात सापडत नाही. 'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा 2008 मध्ये मिळाली. त्याआधीच्या मजकुरात ते 'अ'वर चंद्र देऊन लिहिलेले असते. एका पुस्तकात एकच पद्धत ठेवणे हा यावरचा साधा उपाय आहे आणि तो संपादकाने सुरुवातीलाच ठरवायला हवा.

पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' हे मराठी वळण. देवनागरीच्या अनेक टंकांत हिंदी आणि मराठी अशी दोन्ही वळणे असतात. त्यांपैकी कोणते दाखवायचे, हे पानावर नोंदलेल्या भाषेवरून ठरते. प्रत्येक पानाच्या सुरुवातीला मराठीचा 'एमआर' हा संकेत लिहिला, की योग्य 'ल' उमटतो. तो लिहायचा राहिला, तर उत्तम टंक घेऊनही पुस्तक परक्या वळणात दिसते. दोन अक्षरांचा हा संकेत ऐच्छिक समजू नये.

प्रकरणाच्या आरंभीचे मोठे अक्षर हाही असाच विषय. इंग्रजीत पहिले अक्षर मोठे करायचे म्हणजे खरोखर एकच अक्षर. मराठीत प्रकरण 'स्त्री' या शब्दाने सुरू होत असेल, तर 'स्त्री' हे संपूर्ण जोडाक्षर मोठे व्हायला हवे. काही वाचन-ॲप इथे 'स्' तोडतात. भारतीय लिप्यांच्या मांडणीच्या अशा गरजा वेब कन्सॉर्शियमने वेगळ्या दस्तऐवजात नोंदवल्या आहेत, आणि ब्राउझरमध्ये त्या सुधारल्या की त्याच यंत्रणेवर चालणाऱ्या वाचन-ॲपांतही सुधारतात.

डिसेंबर 2016 मध्ये किंडलवर मराठी पुस्तकांची सोय झाली. विकिस्रोत या मुक्त ऑनलाइन ग्रंथालयात तर वेब आणि पुस्तक यांची देवघेव डोळ्यांसमोर घडते. स्वामित्वहक्क संपलेले जुने पुस्तक स्वयंसेवक पानोपानी युनिकोडमध्ये उतरवतात, एकमेकांचे लेखन तपासतात, आणि वाचकाने एक कळ दाबली की तीच वेबपाने बांधून ईपब म्हणून हाती येतात. पुढे कोणी चूक सुधारली, तर नंतर उतरवलेल्या प्रतीत ती सुधारलेलीच मिळते.

कानाने वाचणाऱ्यांसाठी

अंध वाचकांसाठीच्या डेझी या डिजिटल पुस्तकपद्धतीतून ईपबने अनुक्रमणिकेची रचना उचलली होती. त्यामुळे सुगम्यता हा ईपबच्या घडणीतलाच भाग आहे. मथळा हा मथळा म्हणून नोंदलेला असेल, तर पडदावाचक, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी प्रणाली, वापरणारी व्यक्ती प्रकरणामागून प्रकरण उड्या मारत जाऊ शकते. छापील आवृत्तीचे पृष्ठांकही आत नोंदवता येतात. वर्गात 'पान 42 उघडा' असे म्हटल्यावर पडदावाचकावर शिकणाऱ्या विद्यार्थ्यालाही तिथेच पोहोचता येते.

अंध व्यक्तींसाठी पुस्तके उपलब्ध करून देणाऱ्या 2013 च्या माराकेश करारावर 2014 मध्ये शिक्कामोर्तब करणारा भारत हा पहिला देश. 2016 मध्ये 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झाले. युरोपीय संघात 28 जून 2025 पासून इ-पुस्तके सुगम असणे कायद्याने बंधनकारक झाले आहे.

मराठीत या बाबतीत पहिली पायरी पुन्हा अक्षरांचीच आहे. स्कॅन केलेल्या पानावर पडदावाचक गप्प राहतो आणि जुन्या फॉन्टातला मजकूर तो रोमन अक्षरे समजून वाचू लागतो. युनिकोड असेल, भाषा मराठी नोंदलेली असेल, तर फोनमधला मराठी आवाज प्रकरण सलग वाचून दाखवतो. चित्रांपाशी मात्र तो अडतो. चित्राचे वर्णन दिलेले नसेल, तर किल्ल्याच्या नकाशाच्या जागी 'चित्र' एवढाच शब्द, नाहीतर फाइलीचे नाव ऐकू येते. महादरवाजा कोणत्या बाजूला, बालेकिल्ला कुठे, टाकी कुठे, हे दोन ओळींत तिथे लिहायचे असते, आणि ते लेखकाइतके नेमके दुसऱ्या कोणाला लिहिता येत नाही.