बार्बरी सिंहाचा वंशशोध

मोरोक्को, अल्जीरिया आणि ट्युनिशिया या देशांतील ॲटलास पर्वतराजीत वावरणारा, आता रानातून नामशेष झालेला सिंह म्हणजे बार्बरी सिंह. मोरोक्कोत त्याची शेवटची ज्ञात शिकार १९४२ मध्ये तिझी न'तिश्का खिंडीजवळ झाली. अल्जीरियात काही सिंह त्यानंतरही तगून असावेत.

वंश उरला असण्याची आशा टिकली ती मोरोक्कोच्या सुलतानांमुळे. तिथले मूळ रहिवासी असलेल्या बर्बर लोकांच्या टोळ्या त्यांना सिंह नजराणा म्हणून देत. राजवाड्यातल्या या सिंहांचे वंशज १९७३ मध्ये रबातजवळच्या तेमारा येथील प्राणिसंग्रहालयात आले आणि पुढे काही युरोपात गेले.

हे खरे बार्बरी कशावरून? पूर्वी पोटापर्यंत उतरलेली काळपट, दाट आयाळ ही खूण मानत. पण थंड हवेत वाढलेल्या कोणत्याही सिंहाची आयाळ दाट होते, म्हणून ही खूण भरवशाची नाही. मग संशोधक जुन्या कवट्या, हाडे आणि कातड्यांमधील डीएनएकडे वळले. ‘टॉवर ऑफ लंडन’ या जुन्या किल्ल्याच्या खंदकात सापडलेल्या दोन मध्ययुगीन कवट्या उत्तर आफ्रिकी सिंहांच्या असल्याचे २००८ मध्ये दिसले. त्याआधी, २००६ मध्ये, सुलतानांच्या सिंहांच्या वंशातील पाच नमुने तपासले गेले होते. ते मातृवंशाने बार्बरी निघाले नाहीत. हा निकाल निराशाजनक असला, तरी अखेरचा नव्हे. या तपासणीत पाहिलेला मायटोकाँड्रियाचा, म्हणजे पेशीतील ऊर्जा तयार करणाऱ्या भागाचा, डीएनए केवळ आईकडून येतो; बापाकडून, आजोबांकडून आलेला वारसा त्यात दिसतच नाही. त्यासाठी संपूर्ण जनुकसंच वाचावा लागतो.

२०१७ मध्ये सिंहांच्या दोनच उपप्रजाती मानाव्यात असे ठरले. बार्बरी, पश्चिम व मध्य आफ्रिकेतील आणि आपल्या गीरचे सिंह एकाच उत्तरी उपप्रजातीत आले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, नामशेष सिंहांच्याही जनुकसंचांवर आधारलेल्या अभ्यासाने उत्तर व दक्षिण शाखांचा हा भेद पुन्हा दाखवला. त्यामुळे संपूर्ण उपप्रजाती हरवली असे आता म्हणता येत नाही. हरवली आहे ती तिची एक शाखा.

म्हणूनच शुद्ध बार्बरी सिंह ‘परत घडवण्या’पेक्षा राजवाड्यातील वंशाची नोंदवही ठेवून, जवळच्या नात्यातील जोड्या टाळत त्याची पैदास करणे अधिक शहाणपणाचे आहे. युरोपातील काही प्राणिसंग्रहालयांत हे काम चालू आहे. ॲटलासमध्ये सिंह पुन्हा सोडण्याची कल्पनाही मांडली गेली आहे, पण त्याआधी तिथे रानडुकरे, बार्बरी हरणे आणि रानमेंढ्या पुरेशा हव्यात, आणि डोंगरात मेंढरे चारणाऱ्यांची संमतीही हवी.