खासगी मालकीचे मातीचे धरण : कायदा कधी लागू होतो आणि कोणती कागदपत्रे ठेवावी लागतात

स्वतःच्या जमिनीवर बांधलेले किंवा वडिलोपार्जित जमिनीबरोबर वाट्याला आलेले मातीचे धरण खासगी आहे, म्हणून धरणसुरक्षेचा कायदा त्याला लागू होत नाही, हा समज चुकीचा आहे. धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ हा ३० डिसेंबर २०२१ पासून अमलात आला असून, त्यातील मालकाच्या व्याख्येत शासन, सार्वजनिक उपक्रम व स्थानिक संस्था यांच्याबरोबरच कंपन्या, आणि धरणाची मालकी, नियंत्रण, चालन किंवा देखभाल ज्यांच्याकडे आहे अशा व्यक्तीही येतात. साहजिकच धरण भाडेपट्ट्याने चालविणाऱ्यालाही या जबाबदारीतून अंग काढून घेता येत नाही.

प्रश्न खासगी की सरकारी हा नसून धरण ‘विनिर्दिष्ट’, म्हणजे कायद्याने ठरवलेल्या निकषांत बसणारे, ठरते की नाही, हा आहे. १५ मीटरपेक्षा अधिक उंचीचे प्रत्येक धरण विनिर्दिष्ट असते. उंची १० ते १५ मीटरच्या दरम्यान असेल, तर पुढीलपैकी किमान एक गोष्ट असावी लागते : माथ्याची लांबी ५०० मीटर किंवा अधिक, जलाशयाची क्षमता १० लाख घनमीटर किंवा अधिक, कमाल पूरविसर्ग सेकंदाला २,००० घनमीटर किंवा अधिक, पायाच्या विशेष अडचणी, अथवा नेहमीपेक्षा वेगळे संकल्पन (रचना). लहान मातीच्या धरणाच्या बाबतीत बहुधा लांबी आणि क्षमता याच दोन कसोट्या तपासाव्या लागतात. १० लाख घनमीटर म्हणजे २० हेक्टर पाणपसारा आणि सरासरी ५ मीटर खोली, एवढ्यावरून मालकाला ढोबळ अंदाज बांधता येईल.

सर्वाधिक चुका उंचीच्या मोजमापात होतात, म्हणून येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. कायद्यानुसार उंची मोजायची ती पायाच्या सर्वसाधारण क्षेत्रातील सर्वांत खालच्या भागापासून धरणाच्या माथ्यापर्यंत. आज बांधाच्या पायथ्याशी उभे राहून दिसणाऱ्या जमिनीपासून नव्हे. नाल्याच्या पात्रात बांधकामाच्या वेळी गाळ व सैल माती काढून जिथून भराव सुरू केला, ती पातळी आजच्या जमिनीखाली बरीच खोल असू शकते, आणि डोळ्यांना नऊ मीटरचा दिसणारा बांध प्रत्यक्षात दहा मीटरची मर्यादा ओलांडतो. जुने नकाशे उपलब्ध नसतील, तर पात्रातील सर्वांत खोल जागी अनुभवी स्थापत्य अभियंत्याकडून काटछेद (बांध आडवा कापल्यास दिसेल तसा नकाशा) काढून घ्यावा, आणि पायातील अरुंद चर उंचीत धरला की नाही व का, हे त्याच्याकडून लेखी घ्यावे. या एका कागदावर पुढील सर्व प्रक्रिया अवलंबून असते.

धरण विनिर्दिष्ट ठरत असेल, तर राज्य धरण सुरक्षा संघटनेशी लेखी संपर्क साधावा. महाराष्ट्रात हे काम नाशिक येथील धरण सुरक्षितता संघटना पाहते. अर्जासोबत जमिनीचा सातबारा, आठ-अ आणि फेरफार, गावनकाशावर दाखविलेली जागा, अक्षांश-रेखांश, धरणाचा आराखडा व काटछेद, पाणलोटाचे क्षेत्रफळ, पातळीनुसार क्षमतेचा तक्ता, सांडव्याची रुंदी व वहनक्षमता, विमोचकाची (पाणी सोडण्याच्या दाराची) स्थिती, दुरुस्त्यांचा इतिहास आणि दिनांकित छायाचित्रे जोडावीत. जुन्या धरणांची कागदपत्रे पूर्ण सापडतीलच असे नाही. अशा वेळी नव्याने मोजणी करून ‘मूळ अभिलेख उपलब्ध नाहीत’ असे स्पष्ट नमूद करावे, अंदाजाने आकडे भरू नयेत. सांडव्याची चुकीची वहनक्षमता कागदावर राहिली, तर पुराच्या रात्री खालच्या वस्तीला तिची किंमत मोजावी लागेल, कारण मातीच्या भरावावरून पाणी वाहू लागले की तो फार काळ टिकत नाही.

त्यानंतरच्या जबाबदाऱ्या दरवर्षीच्या आहेत. मालकाने सक्षम अभियंत्यांचा धरण सुरक्षा कक्ष ठेवायचा, देखभाल-दुरुस्तीसाठी पुरेसा निधी राखून ठेवायचा, आणि कक्षाने पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर तसेच पूर, भूकंप किंवा धोक्याचे कोणतेही चिन्ह दिसल्यास तपासणी करून अहवाल द्यायचा असतो. अहवालात पाझराला सर्वाधिक जागा द्यावी. मातीच्या धरणातून थोडे पाणी झिरपणे स्वाभाविक आहे. ते निचरा चरात गोळा करून त्रिकोणी खाचेवर (प्रवाह मोजण्यासाठी चरात बसवलेल्या खाच असलेल्या पाटीवर) मोजावे आणि जलाशयाच्या पातळीसह नोंदवावे. पातळी तीच असताना पाझर वाढला, किंवा स्वच्छ पाणी गढूळ झाले, तर भरावातील माती वाहून जात आहे असे समजून त्याच दिवशी कळवावे. माथ्यावरील भेगा, खचलेला भाग, उतारावरची मोठी झाडे आणि प्राण्यांची बिळे यांचीही नोंद हवी.

३० डिसेंबर २०२१ पूर्वी बांधून भरलेल्या विनिर्दिष्ट धरणांसाठी आपत्कालीन कृती आराखडा आणि तज्ज्ञांकडून पहिले सर्वंकष सुरक्षा मूल्यमापन पाच वर्षांच्या आत करणे बंधनकारक आहे. नव्या धरणात पहिल्यांदा पाणी भरण्यापूर्वीच आराखडा तयार असला पाहिजे, आणि भरण्याच्या नियोजनाशिवाय व संघटनेच्या तपासणीशिवाय पाणी साठवता येत नाही. या कायद्याखाली दिलेले निर्देश योग्य कारणाशिवाय न पाळल्यास एक वर्षापर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्यातून जीवितहानी झाली किंवा तसा निकटचा धोका निर्माण झाला, तर कारावासाची मर्यादा दोन वर्षांपर्यंत जाते.

दहा मीटरपेक्षा कमी उंचीच्या बांधाला हा कायदा लागू होत नाही, पण पाण्याचा धोका उंचीच्या आकड्यावर थांबत नाही. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे येथील मातीचे धरण फुटले आणि खालची वाडी वाहून गेली. त्यामुळे लहान बांधाच्या मालकानेही पाझर, भेगा वगैरेंच्या वरील नोंदींची वही ठेवावी, आणि बांधाची जागा, साठा व खालच्या घरांची माहिती ग्रामपंचायत, तहसील कार्यालय आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण यांना लेखी देऊन पोच घ्यावी, असा माझा आग्रह आहे.

जमीन विकताना किंवा वाटणीत देताना ही संपूर्ण फाईल नव्या धारकाकडे सहीनिशी सोपवावी, आणि धरण विनिर्दिष्ट असल्यास हस्तांतरणाची तारीख व नव्या जबाबदार व्यक्तीचे नाव संघटनेला पत्राने कळवावे.