मण्यांवर वाढणाऱ्या पेशी

रक्तातल्या पेशी सोडल्या, तर आपल्या शरीरातल्या बहुतेक पेशींना वाढायला टेकू लागतो. पृष्ठभाग मिळाला की त्या पसरतात, विभागतात. नुसत्या द्रवात तरंगत ठेवल्या तर बहुधा मरतात. म्हणून प्रयोगशाळेत त्या सपाट बाटलीच्या तळावर वाढवतात. पण अशा पेशींत विषाणू वाढवून लशीचे लाखो डोस बनवायचे तर अशा बाटल्या लावणार तरी किती?

1967 मध्ये नेदरलँड्समधल्या बिल्थोवन इथल्या सरकारी आरोग्य संस्थेतले व्हॅन वेझल यांनी हा पृष्ठभागच द्रवात सोडला. डेक्स्ट्रान या शर्करेपासून बनवलेले, मिलिमीटरच्या काही दशांशाहूनही लहान मणी त्यांनी वापरले. मण्यांवर धनभार आणि पेशींच्या पृष्ठभागावर ऋणभार, त्यामुळे पेशी चिकटतात. मग टाकी हलकेच ढवळत राहायचे. सायटोडेक्स-1 या प्रचलित मण्यांच्या फक्त 1 ग्रॅममध्ये सुमारे 4400 चौरस सेंटीमीटर जागा मिळते, म्हणजे ए-4 आकाराच्या सात कागदांएवढी!

सुरुवातीच्या मण्यांवर मात्र भार जास्त होता आणि त्याने पेशींना इजा व्हायची. 1970 च्या दशकात अमेरिकेत एमआयटीतल्या संशोधकांनी तो नेमका किती असावा हे शोधले आणि पेशी जोमाने वाढू लागल्या. मला या साऱ्या कहाणीतला हा टप्पा सर्वांत मोलाचा वाटतो, कारण मूळ कल्पना त्याआधीच हाती होती. अडले होते ते प्रमाणापाशी.

पोलिओच्या मृत विषाणूंच्या लशीला याचा मोठा फायदा झाला. त्या काळी लशीसाठी माकडांच्या मूत्रपिंडातल्या पेशी लागत. मण्यांवर त्याच पेशी पुन्हा पुन्हा वाढवता येऊ लागल्याने माकडांची गरज झपाट्याने घटली, आणि पुढे व्हेरो या अखंड वाढणाऱ्या पेशींनी ती जवळपास संपवली. बिल्थोवनमधला लसनिर्मितीचा हा वारसा 2012 मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने विकत घेतला.

उपचारासाठी मूलपेशी वाढवताना गणित उलटते. लशीत हवा असतो विषाणू. पेशी मण्याला चिकटून राहिल्या तरी चालते. इथे रुग्णाला द्यायच्या असतात त्या पेशीच, जिवंत आणि धडधाकट. त्या मण्यापासून सोडवताना विकर (एन्झाइम) जास्त वेळ लावले तर पेशींना इजा होते, आणि मण्याचा तुकडाही रुग्णाच्या शरीरात जाता कामा नये. म्हणून आता विरघळणारे मणी आले आहेत: कॅल्शियमने बांधलेल्या पेक्टिन या वनस्पतीजन्य पदार्थाचे. काम झाले की कॅल्शियम काढून घ्यायचे, पेक्टिन तोडणारे विकर घालायचे, मणी विरघळतो आणि पेशी मोकळ्या होतात.