काळी समुद्रकाकडी

प्रवाळखडकांमागच्या उथळ, वाळूमय सपाटीवर राहणारा उष्ण कटिबंधातील कंटकचर्मी (तारामाशाच्या गटातील) प्राणी. होलोथुरिया अट्रा हे त्याचे शास्त्रीय नाव येगर यांनी १८३३ मध्ये दिले. हिंदी व पॅसिफिक महासागरांत तो विस्तृत प्रमाणात आढळतो. भारतात लक्षद्वीप, अंदमान आणि मन्नारच्या आखातात त्याची वस्ती आहे.

शरीर लांबट, मऊ व काळे असून लांबी बहुधा २० ते ३० सेंमी. असते. तोंडाभोवतीच्या २० संस्पर्शकांनी (बोटांसारख्या मऊ अवयवांनी) हा प्राणी वाळू गिळतो, तिच्यातील सेंद्रिय कण व सूक्ष्मजीव पचवतो आणि उरलेली वाळू विष्ठेच्या वळकट्यांच्या रूपात बाहेर टाकतो. श्वसनासाठी तो गुदद्वारातून पाणी आत ओढतो. हे पाणी शरीरातील फांद्यांसारख्या श्वसनवृक्षांत खेळते. नर व मादी वेगवेगळे असतात. अंडी व शुक्रपेशी पाण्यातच सोडल्या जातात. याखेरीज शरीर मधोमध आवळून पिळवटते, त्याचे दोन तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा आपला हरवलेला भाग नव्याने घडवतो. अनेक ठिकाणी या प्राण्याची दाटी मुख्यतः या विभाजनामुळेच टिकून असते.

ओळख पटवताना रंगावर विसंबणे ही नवख्यांची नेहमीची चूक होय, कारण काळ्या समुद्रकाकड्या अनेक आहेत. या जातीच्या अंगावर वाळूचा पातळ थर चिकटलेला असतो आणि पाठीवर, दोन ओळींत, वाळू नसलेल्या गोल काळ्या टिकल्या उठून दिसतात. त्वचा चोळल्यास तांबूस-जांभळा द्राव बोटांना लागतो. तो माशांना विषारी असतो. होलोथुरिया ल्युकोस्पिलोटा ही नातेवाईक जात अधिक सडपातळ असून डिवचल्यास गुदद्वारातून चिकट पांढरे धागे फेकते. अट्रामध्ये असे धागे नसतात. तरीही शंका उरल्यास त्वचेचा कण ब्लीचमध्ये विरघळवून उरलेल्या चुनखडी कंटिकांचे (त्वचेतील सूक्ष्म कठीण कणांचे) आकार सूक्ष्मदर्शकाखाली तपासावे लागतात.

मुंबईचा किनारा बेसॉल्ट खडकाचा व गढूळ पाण्याचा आहे. हाजी अलीजवळ प्रवाळांच्या तुरळक वसाहती असल्या, तरी लक्षद्वीपसारखी प्रवाळाने बांधलेली सपाटी येथे नाही. म्हणून उधाणाच्या दिवसांत सुकतीला (ओहोटीला) कार्टर रोड वा मढच्या खडकांवर एखादा काळा, मऊ, लांबट जीव दिसला, तर वरील खुणा जुळल्याशिवाय त्याला हे नाव देऊ नये. त्याला उचलून घरी नेणे तर कायद्यातही बसत नाही: २००१ मध्ये भारतातील सर्व समुद्रकाकड्यांचा समावेश वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत करण्यात आला.