रेषीय समाश्रयण : आकलन आणि अनुमान

एका चलाची सरासरी किंमत दुसऱ्या एक किंवा अनेक चलांनुसार कशी बदलते, हे रेषीय सूत्राने मांडणाऱ्या सांख्यिकीय प्रतिमानाला रेषीय समाश्रयण (लिनिअर रिग्रेशन) म्हणतात. या प्रतिमानाच्या बाबतीत दोन वेगळी कामे करावी लागतात. हाती असलेल्या आकडेवारीवरून सूत्रातील अज्ञात प्रचलांच्या (पॅरामीटर, म्हणजे सूत्रातील स्थिर राशींच्या) किमती काढणे हे आकलन. त्या किमतींवर कितपत विसंबावे, दुसरा नमुना मिळाला असता तर त्या कितीशा बदलल्या असत्या, हे ठरवणे म्हणजे अनुमान. पहिले काम बव्हंशी अंकगणिताचे आहे आणि संगणक ते क्षणात करतो. दुसऱ्यासाठी मात्र त्रुटींच्या स्वरूपाविषयी काही ना काही मानून चालावे लागते, आणि या विषयातले बहुतेक वाद त्या मानण्याभोवतीच फिरतात.

प्रतिमानाचे स्वरूप

सर्वांत साधे रूप य = अ + ब क्ष + त असे लिहिता येते. यात य हा अवलंबी चल, क्ष हा स्वतंत्र चल, अ हा छेद (क्ष शून्य असताना रेषेवरची यची किंमत), ब हा रेषेचा चढ आणि त ही त्रुटी. क्ष एका एककाने वाढला की यच्या सरासरीत होणारा बदल ब सांगतो. मोजमापातली चूक, सूत्रात न घेतलेले घटक आणि निव्वळ यदृच्छा असे सगळे त्रुटीत जमा होते. प्रतिमान प्रचलांच्या दृष्टीने रेषीय असले की पुरते. क्षचा वर्ग किंवा लॉगॅरिथम घेतला तरी चालतो, त्यामुळे कितीतरी वक्र आलेखही याच चौकटीत बसतात.

अ आणि ब या स्थिर पण अज्ञात राशी आहेत. नमुन्यावरून काढलेली त्यांची आकलने मात्र नमुन्यागणिक बदलतात. अनुमानाचा सारा डोलारा या एका भेदावर उभा आहे.

न्यूनतम वर्ग पद्धत

प्रत्यक्ष निरीक्षण आणि रेषेवरची किंमत यांतील उभ्या अंतराला अवशेष म्हणतात. अवशेषांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी होईल अशी रेषा निवडणे, ही न्यूनतम वर्ग पद्धत. फ्रेंच गणिती अद्रियँ-मारी लजांद्र यांनी ती १८०५ मध्ये धूमकेतूंच्या कक्षांवरील ग्रंथाच्या परिशिष्टात प्रसिद्ध केली. कार्ल फ्रीड्रिख गाउस यांनी १८०९ मध्ये तिच्यावर लिहिताना आपण ती १७९५ पासून वापरत असल्याचा दावा केला. लजांद्र यांना तो अर्थातच रुचला नाही. हा वाद अजूनही चवीने सांगितला जातो, पण दोघांच्या कामातला खरा फरक अग्रहक्काचा नव्हे. लजांद्र यांनी एक सोयीची रीत दिली, तर गाउस यांनी तिची सांगड त्रुटींच्या संभाव्यता वितरणाशी घातली. गणिती सोयीचे सांख्यिकीय अनुमानात रूपांतर तिथे सुरू झाले.

समाश्रयणाची कल्पना आली ती खगोलशास्त्राच्या बाहेरून. फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८६ मध्ये आईवडील आणि त्यांची प्रौढ अपत्ये यांच्या उंचीची आकडेवारी मांडली. आईवडिलांची उंची सरासरीपासून जितकी दूर, त्याच्या साधारण दोन-तृतीयांश अंतरावर अपत्यांची सरासरी उंची पडते, असे त्यांना आढळले. जॉर्ज उडनी यूल यांनी १८९७ मध्ये गॉल्टन यांची रेषा आणि न्यूनतम वर्ग पद्धत एकत्र आणली. सामाजिक शास्त्रांत समाश्रयणाचा शिरकाव झाला तो मुख्यतः यूल यांच्या वाटेने.

कोणते गृहीतक कशासाठी

पाठ्यपुस्तकांत गृहीतकांची यादी एका दमात दिलेली असते, आणि मग सगळी गृहीतके सारख्याच वजनाची वाटू लागतात. ती तशी नसतात. नुसती रेषा काढायला एकही गृहीतक लागत नाही; क्षच्या सगळ्या किमती एकच नसल्या म्हणजे झाले. आकलक (आकलन काढण्याचे सूत्र) अनभिनत असावा, म्हणजे असंख्य नमुन्यांतून मिळणाऱ्या आकलनांची सरासरी खऱ्या किमतीइतकी यावी, यासाठी क्षची किंमत काहीही असली तरी त्रुटींची सरासरी शून्य असणे पुरेसे असते. त्रुटींचे प्रचरण (व्हेरिअन्स, म्हणजे पसाऱ्याचे माप) सगळीकडे सारखे आहे आणि त्यांचा एकमेकींशी सहसंबंध नाही, एवढे आणखी मानले की गाउस–मार्कोव्ह प्रमेय लागू होते: सर्व रेषीय, अनभिनत आकलकांत न्यूनतम वर्ग आकलकाचे प्रचरण सर्वांत कमी असते. या प्रमेयाला त्रुटींचे वितरण प्रसामान्य (नॉर्मल, म्हणजे घंटाकृती) असण्याची गरज नाही, ही गोष्ट वारंवार विसरली जाते.

प्रसामान्यतेचे गृहीतक येते ते शेवटी, आणि मुख्यतः लहान नमुन्यात अचूक कसोट्या घेता याव्यात म्हणून. नमुना मोठा असेल तर केंद्रीय सीमा प्रमेयामुळे आकलकांचे वितरण प्रसामान्यच्या जवळ जाते आणि या गृहीतकाचे महत्त्व ओसरते. त्रुटी खरोखरच प्रसामान्य व परस्पर-स्वतंत्र असतील, तर न्यूनतम वर्ग आकलक केवळ रेषीय नव्हे तर सर्वच अनभिनत आकलकांत श्रेष्ठ ठरतो. क्रामेर–राव असमतेने आखून दिलेली प्रचरणाची नीचतम मर्यादा तो गाठतो. या असमतेतले राव म्हणजे सी. आर. राव, त्यांचा संबंधित शोधनिबंध १९४५ सालचा.

प्रमाण त्रुटी, कसोटी आणि विश्वास अंतराल

एक छोटे उदाहरण घेऊ. क्षच्या किमती १, २, ३, ४, ५ आणि यच्या त्यांना जुळणाऱ्या किमती ३, ४, ८, ७, ८ आहेत. न्यूनतम वर्ग पद्धतीने चढ १.३ आणि छेद २.१ येतो. अवशेष अनुक्रमे −०.४, −०.७, २.०, −०.३ आणि −०.६, आणि त्यांच्या वर्गांची बेरीज ५.१. निरीक्षणे पाच असली तरी दोन प्रचल काढण्यात दोन स्वातंत्र्यमात्रा (मोकळेपणाने बदलू शकणाऱ्या किमतींची संख्या) खर्ची पडल्या. म्हणून त्रुटींच्या प्रचरणाचे आकलन करताना ५.१ ला पाचने नव्हे, तीनने भागायचे, उत्तर १.७. क्षच्या सरासरीपासूनच्या अंतरांच्या वर्गांची बेरीज १० आहे. तेव्हा चढाची प्रमाण त्रुटी, म्हणजे चढाचे आकलन नमुन्यागणिक साधारण किती हलेल याचे माप, १.७ भागिले १० याचे वर्गमूळ, म्हणजे सुमारे ०.४१. या भागाकारातच एक व्यावहारिक सूचना दडलेली आहे: क्षच्या किमती जितक्या विस्तृत पसरलेल्या, तितका चढ अचूक कळतो.

आता चढ शून्य आहे, अर्थात क्षचा यशी रेषीय संबंध नाही, ही शून्य परिकल्पना तपासू. १.३ ला प्रमाण त्रुटीने भागले की टी-गुणोत्तर ३.१५ येते. प्रसामान्य वितरणाचा नेहमीचा १.९६ हा आकडा वापरला तर परिकल्पना सहज फेटाळली जाईल. परंतु इथे त्रुटींचे प्रचरण आपल्याला ठाऊक नाही. तेही त्याच पाच निरीक्षणांवरून काढले आहे. या जादा अनिश्चिततेचा हिशेब टी वितरण ठेवते. विल्यम गॉसेट यांनी १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने त्याचा पाया घातला आणि रोनाल्ड फिशर यांनी ते समाश्रयणाच्या गुणांकांना लावले. तीन स्वातंत्र्यमात्रांसाठी ५ टक्के सार्थकता पातळीवरची (शून्य परिकल्पना खरी असूनही ती फेटाळली जाण्याची संभाव्यता ५ टक्के ठेवणारी) सीमा ३.१८ आहे. आपले ३.१५ तिच्या जेमतेम आत राहते, म्हणून परिकल्पना फेटाळता येत नाही. चढाचे ९५ टक्के विश्वास अंतराल −०.०१ ते २.६१ असे येते आणि शून्य त्यात कसेबसे सामावते. याच आकडेवारीत निर्धारण गुणांक ०.७७ आहे, म्हणजे यच्या विचलनाचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग रेषा स्पष्ट करते. तो आकडा कितीही भारदस्त दिसला तरी पाच निरीक्षणांची तोकडी ताकद तो झाकू शकत नाही. उलट, संबंध नसल्याचे सिद्ध झाले असेही इथे म्हणता येत नाही; २.६ इतका मोठा चढही या आकडेवारीशी तितकाच सुसंगत आहे.

विश्वास अंतरालाचा अर्थ लावताना जाणकारही घसरतात. खरा चढ या विशिष्ट अंतरालात असण्याची संभाव्यता ९५ टक्के आहे, असा त्याचा अर्थ नाही. याच रीतीने नमुन्यामागून नमुने घेऊन अंतराले काढत गेल्यास त्यांतील ९५ टक्के अंतराले खऱ्या चढाला सामावून घेतील, एवढीच ती हमी. प्रचलाविषयी थेट संभाव्यतेच्या भाषेत बोलायचे तर बेझ पद्धतीने पूर्ववितरण (आकडेवारी पाहण्याआधीचा प्रचलाविषयीचा समज दाखवणारे वितरण) मानून सुरुवात करावी लागते.

यच्या सरासरीचे आकलन आणि एका नव्या निरीक्षणाचे भाकीत यांतही गल्लत होते. वरच्या उदाहरणात क्ष ३ असताना सरासरीचे ९५ टक्के अंतराल ६ च्या दोन्ही बाजूंना सुमारे १.९ इतके पसरते, तर एकाच नव्या निरीक्षणाचे ४.५ इतके. क्ष ६ घेतला, म्हणजे आकडेवारीच्या बाहेर एकच पाऊल टाकले, तर भाकिताचा पसारा ६ वर जातो. आणि हा पसारासुद्धा रेषा तिथवर सरळच जाते असे धरून काढलेला आहे.

अनेक चल

स्वतंत्र चल अनेक असले की हीच कृती मॅट्रिक्सच्या भाषेत होते. प्रत्येक गुणांक ‘बाकीचे चल स्थिर असताना’ होणारा बदल दाखवतो. सगळे गुणांक एकदम शून्य आहेत का, हे एफ कसोटी पाहते. दोन चल परस्परांशी घट्ट बांधलेले असतील तर त्यांचे परिणाम वेगळे काढणे अवघड जाते. दोनच स्वतंत्र चल असून त्यांच्यातील सहसंबंध ०.९ असेल, तर गुणांकांचे प्रचरण सहसंबंध नसतानाच्या तुलनेत सव्वापाच पट होते आणि प्रमाण त्रुटी दुपटीहून जास्त. एफ कसोटी सार्थक आणि सुटा एकही गुणांक सार्थक नाही, असा चक्रावून टाकणारा निकाल बहुधा यातूनच येतो. त्यावर उपाय म्हणून एक चल सर्रास वगळला जातो. पण तो चल खरोखरच संबंधित असेल, तर त्यामुळे उरलेला गुणांकच अभिनत होतो. आर्थर होर्ल आणि रॉबर्ट केनार्ड यांच्या रिज समाश्रयणाने (१९७०) वेगळा मार्ग काढला: गुणांक मुद्दाम शून्याकडे ओढायचे, थोडी अभिनती पत्करायची आणि प्रचरण घटवायचे.

गृहीतके ढळली तर

त्रुटींचे प्रचरण क्षनुसार बदलत असेल तर आकलन अनभिनतच राहते, पण नेहमीच्या सूत्राने काढलेली प्रमाण त्रुटी चुकते आणि तिच्यावर बेतलेल्या कसोट्या फसव्या ठरतात. प्रचरणाचे स्वरूप ठाऊक असल्यास भारित पद्धत (कमी प्रचरणाच्या निरीक्षणांना जास्त वजन देणारी) वापरता येते. ते ठाऊक नसताना फ्रीडहेल्म आयकर आणि पीटर ह्यूबर यांनी सुरू केलेल्या व हॅल्बर्ट व्हाइट यांच्या १९८० च्या शोधनिबंधामुळे अर्थमितीत रूढ झालेल्या रोबस्ट प्रमाण त्रुटी उपयोगी पडतात. मात्र नमुना बऱ्यापैकी मोठा हवा. कालक्रमाने घेतलेल्या निरीक्षणांत शेजारच्या त्रुटी एकमेकींशी निगडित असतात. अवशेषांवरून काढलेले डर्बिन–वॉटसन मूल्य ० ते ४ या पल्ल्यात राहते आणि २ पासून ते लक्षणीय दूर गेले की हा संशय बळावतो.

सर्वांत महागात पडते ते पहिलेच गृहीतक, म्हणजे क्ष काहीही असला तरी त्रुटींची सरासरी शून्य असणे, ढळणे. क्ष आणि यवर एकाच वेळी परिणाम करणारा एखादा घटक सूत्राबाहेर राहिला, तर ब अभिनत होतो, आणि नमुना कितीही वाढवला तरी ती अभिनती जात नाही. चुकीच्या किमतीभोवतीचे अंतराल तेवढे अरुंद होत जाते. अवशेष तपासून हा दोष सापडतही नाही, कारण न्यूनतम वर्ग पद्धत अवशेष आणि क्ष यांचा सहसंबंध आपोआप शून्य करून टाकते.

रेषीयता ढळलेली असेल तर आलेख ती लगेच दाखवतो. फ्रान्सिस अँस्कोम यांनी १९७३ मध्ये रचलेल्या चार संचांत रेषा (छेद ३, चढ ०.५) आणि सहसंबंध (सुमारे ०.८२) जवळजवळ तंतोतंत सारखे आहेत. आलेखात मात्र एक संच नेहमीसारखा विखुरलेला, दुसरा स्पष्ट वक्र, तिसरा एका विसंगत बिंदूने बिघडलेला आणि चौथ्यात अख्खा चढ एकाच बिंदूच्या जोरावर उभा.

आकडेवारी पाहून चल निवडायचे आणि मग त्याच आकडेवारीवर कसोट्या घ्यायच्या, ही प्रथा वरचे सारे गणित मोडीत काढते. यशी काडीचाही संबंध नसलेले वीस चल ५ टक्के पातळीवर तपासले, तर त्यांतला सरासरीने एक सार्थक दिसणारच. रॉबर्ट टिबशिरानी यांच्या लासो पद्धतीसारख्या (१९९६) आपोआप निवड करणाऱ्या पद्धतींनंतरही नेहमीची पी-मूल्ये (शून्य परिकल्पना खरी असताना इतका किंवा याहून टोकाचा निकाल मिळण्याच्या संभाव्यता) जशीच्या तशी वाचता येत नाहीत. सर्वांत साधी तोड म्हणजे आकडेवारीचे दोन भाग करून एकावर चल निवडणे आणि दुसऱ्यावर कसोटी घेणे. त्यात निरीक्षणे वाटली जातात आणि अंतराले रुंदावतात.