दिल्लीचा मास्टर प्लॅन: सगळी जमीन एकाच हाती

१९४१ साली दिल्लीची लोकसंख्या ९ लाखांच्या थोडी वर होती. १९५१ च्या जनगणनेत ती १७ लाख ४४ हजार भरली. त्यात सुमारे ५ लाख निर्वासित. १९३७ पासून शहराची वाढ सांभाळणाऱ्या दिल्ली इम्प्रूव्हमेंट ट्रस्टवर घनश्यामदास बिर्ला समितीने १९५१ मध्ये कडक ठपका ठेवला, तरी नियोजनाच्या कामाला गती आली ती काविळीच्या साथीने. १९५५ च्या पुरानंतर यमुनेचा प्रवाह वजीराबादच्या पाणी उपशापासून दूर सरकला. खालच्या अंगाला नदीत पडणाऱ्या नजफगढ नाल्याचं सांडपाणी उलटं चढून उपशापर्यंत पोचलं आणि त्या हिवाळ्यात सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर यांच्या खात्याकडेच तेव्हा नगररचना होती. फोर्ड फाउंडेशनच्या मदतीने अमेरिकी नगररचनाकार अल्बर्ट मेयर यांचा सल्लागार गट आला, १९५७ च्या कायद्याने दिल्ली विकास प्राधिकरण (डीडीए) स्थापन झालं आणि १ सप्टेंबर १९६२ रोजी पहिला मास्टर प्लॅन लागू झाला. मुदत १९८१ पर्यंतची.

नकाशावर भूवापराचे रंग, शहराभोवती सुमारे दीड किलोमीटरचा हरित पट्टा, गर्दी विभागण्यासाठी दुकानं-कार्यालयांची १५ जिल्हा केंद्रं आणि गाझियाबाद, फरिदाबाद, गुडगाव अशी भोवतालची वलय-शहरं. हे त्या काळच्या नगररचनेला धरूनच होतं. वेगळेपण होतं ते जमिनीच्या धोरणात. आपल्याकडे शहराचा विकास आराखडा (डीपी) म्हटला की खासगी जमिनीवर पडलेलं आरक्षण आठवतं. बाकीची जमीन मालकाकडेच राहते. दिल्लीने १९५९ मध्ये सुमारे ३४ हजार एकर जमीन एका फटक्यात संपादनाखाली अधिसूचित केली. १९६१ चं धोरण असं: सरकारने जमीन घ्यायची, रस्ते-पाणी-गटार करायचं, भूखंड भाडेपट्ट्याने द्यायचे आणि आलेल्या पैशातून पुढची जमीन घ्यायची. या फिरत्या निधीची सुरुवात ५ कोटी रुपयांनी झाली. खासगी वसाहतकारांना दार बंद. साउथ एक्स्टेन्शन आणि ग्रेटर कैलास वसवणारी डीएलएफ ही खासगी कंपनी पुढे हद्दीपलीकडे गुडगावला गेली, ती याच कारणाने.

कागदावर हे चोख होतं, पण सगळा डोलारा एका गृहीतकावर उभा होता: जमिनीचा एकमेव पुरवठादार मागणीइतक्या वेगाने भूखंड काढत राहील. प्रत्यक्षात अधिसूचना, मोबदल्याचा निवाडा, ताबा, विकास आणि वाटप या प्रत्येक पायरीवर वर्षं गेली. अधिसूचित जमीन शेतकऱ्याला रीतसर विकता येईना आणि मोबदला मिळणार जुन्या दराने. मग कुलमुखत्यारपत्रावर तुकडे पाडून विक्री सुरू झाली. घेणारा फसत होता असं नाही. त्याला परवडणारं दुसरं घरच बाजारात नव्हतं. डीडीएच्या १९७९ च्या घर-नोंदणी योजनेत सुमारे १ लाख ७० हजार अर्ज आले आणि त्यांतल्या अनेकांनी घरासाठी काही दशकं वाट पाहिली. १९७७ च्या धोरणातून ५६७ अनधिकृत वसाहती नियमित झाल्या, तर २०१९ मध्ये मालकी हक्क देण्यासाठी निवडलेल्या वसाहती होत्या १,७३१.

दुकानांचंही तेच झालं. नियोजित जिल्हा केंद्रांपैकी नेहरू प्लेससारखी मोजकीच १९८१ पर्यंत उभी राहिली. धंदा थांबणार नव्हता. तो घरांच्या तळमजल्यांवर शिरला आणि लाल डोऱ्यातल्या, म्हणजे महसुली नकाशावरच्या गावठाण-हद्दीतल्या वस्त्यांतही, कारण या गावठाणांना बांधकाम नियमांतून सूट होती. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने निवासी भागातली दुकानं सील होऊ लागली, तेव्हा दोन हजारांहून जास्त रस्ते मिश्र वापराचे म्हणून घाईने जाहीर करावे लागले. ७ फेब्रुवारी २००७ च्या तिसऱ्या आराखड्याने तीच तडजोड पक्की केली. नियोजन पुढचं आखण्यापेक्षा झालेल्याची नोंद करू लागलं, असंच म्हणावं लागेल.

उशीर हाही दोषाचाच भाग. १९८१ साठी ४६ लाख शहरी लोकसंख्या धरली होती, भरली ५७ लाख. तरीही दुसरा आराखडा आला ऑगस्ट १९९० मध्ये, म्हणजे मुदत संपल्यावर नऊ वर्षांनी, आणि त्याचं लक्ष्यवर्ष होतं २००१. मधल्या काळात १९८२ च्या आशियाई खेळांची बांधकामं झाली आणि १९८५ मध्ये राष्ट्रीय राजधानी क्षेत्र नियोजन मंडळाचा कायदा आला. चौथा आराखडा २०४१ पर्यंतचा. त्याचा मसुदा जून २०२१ मध्ये हरकतींसाठी खुला झाला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये डीडीएने तो मंजूर करून केंद्राकडे पाठवला.

या आराखड्याआधीच जमिनीचं जुनं धोरण मोडीत निघालं होतं. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने मोबदला वाढला आणि फिरत्या निधीचं गणित बसेना. २०१८ च्या लँड पूलिंग धोरणात संपादन नाही: एका सेक्टरमधले (आखून दिलेल्या विभागातले) मालक एकत्र येतात, ६० टक्के जमीन स्वतः विकसित करतात आणि ४० टक्के रस्ते, उद्यानं, सार्वजनिक सोयींसाठी देतात. अट एवढीच की सेक्टरची किमान ७० टक्के जमीन सलग जमली पाहिजे. अडतं ते इथेच. पिढ्यान्‌पिढ्या वाटण्या होऊन तुकडे झालेल्या शेतांत मधलाच एक वारसदार नाही म्हणाला की बेरीज पुरेशी असूनही सलगता तुटते आणि सगळा सेक्टर थांबतो.