आनंद बाजार (सोलापूरच्या शाळांतील)

आनंद बाजार : विद्यार्थ्यांनी घरी किंवा शाळेत केलेले खाद्यपदार्थ, भाजीपाला आणि हातकामाच्या वस्तू शाळेच्या पटांगणात एका दिवसापुरत्या विकण्याचा उपक्रम. बाल आनंद मेळावा, आनंदनगरी, खाऊगल्ली ही त्याचीच नावे. सोलापूर शहरात आणि जिल्ह्यात तो बहुधा डिसेंबर-जानेवारीत, स्नेहसंमेलनाच्या मागेपुढे भरतो. शेतात हुरडा आणि गावात सिद्धेश्वराची जत्रा, म्हणजे गड्डा, असे ते दिवस असतात. पाल कसे मांडायचे, गिऱ्हाइकाला हाक कशी घालायची, हे इथल्या पोरांना कुणी शिकवावे लागत नाही.

शाळेने घर चालवायला शिकवावे ही कल्पना जुनी आहे. महर्षी कर्वे यांनी १९१६ साली स्थापन केलेल्या महिला विद्यापीठात गृहजीवनशास्त्र हा विषय होता. वर्ध्याला १९३७ मध्ये मांडल्या गेलेल्या गांधीजींच्या नई तालीम या शिक्षणपद्धतीने हाताचे काम शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणले. अमेरिकेत गृहशास्त्र शिकणाऱ्या शाळकरी मुलींची ‘फ्यूचर होममेकर्स ऑफ अमेरिका’ ही देशव्यापी संघटना १९४५ मध्ये उभी राहिली. १९९९ मध्ये तिने नाव बदलले आणि त्यातून ‘होममेकर्स’ हा शब्द गेला. आपल्याकडे मुलामुलींचा अभ्यासक्रम एकच असावा, अशी शिफारस हंसा मेहता समितीने (१९६२–६४) केली होती आणि कोठारी आयोगाने (१९६४–६६) ती उचलून धरली. पुढे कार्यानुभव हा विषय सगळ्यांसाठी आला. ज्या शाळेत गृहशास्त्र शिकणाऱ्या मुलांचे असे वेगळे मंडळ नाही, तिथे त्या मंडळाचे काम वर्षातून एक दिवस आनंद बाजारच करतो, असे म्हणायला हरकत नाही.

सोलापूरच्या बाजाराची खरी ओळख पदार्थांत आहे. शहरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चारही माध्यमांच्या शाळा आहेत. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी हे शहर घडवले, त्यामुळे एका पालात शेंगापोळी, शेजारी हुग्गी (गव्हाची खीर) आणि पलीकडे तांदळाच्या पिठाच्या सकिनालू असा शेजार जमतो. धपाटे, चुरमुऱ्यांचा सुशीला आणि शेंगाचटणी तर हवीच. ही चटणी मिक्सरमध्ये फिरवली की नुसता कूट होतो. भाजून फोलपटे काढलेले दाणे लसूण, तिखट, जिरे आणि मीठ घालून खलबत्त्यात किंवा उखळात कुटायचे, आणि बत्त्याला तेल सुटलेले दिसेपर्यंत थांबायचे नाही. हात भरून येतात, पण ज्या गटाने चटणी कुटलेली असते त्याच्याकडचा डबा आधी रिकामा होतो.

कडक भाकरी हा त्याहून अवघड धडा. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नसतो. आधणाचे पाणी घालून पीठ मळले की त्यातला स्टार्च फुगतो आणि पीठ एकमेकांना धरून राहते. कोमट पाण्याने मळले तर परातीतच कड फाटते. पातळ थापायची, दोन्ही बाजूंनी भाजायची आणि मग मंद आचेवर पापडासारखी कडकडीत होईपर्यंत वाळवायची. सातवी-आठवीच्या मुलांच्या पहिल्या भाकऱ्यांचे नकाशे होतात. तेही तुकडे करून चटणीबरोबर खपतात. पीठ शक्यतो मालदांडीचे आणावे. मालदांडी ३५-१ हे ज्वारीचे वाण याच जिल्ह्यात, मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडले गेले, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे. आपल्या ताटातल्या भाकरीला असे मानाचे पान आहे हे मुलांना इथे कळते. लहान वर्गांना शेगडीजवळ फिरकू देत नाहीत. त्यांच्याकडे भेळ, कोशिंबीर, सरबत असे जाळाविना होणारे पदार्थ असतात.

बाजाराचा दुसरा अर्धा भाग वहीत असतो, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते तोच जास्त मोलाचा. समजा, चार जणींच्या गटाने सुशीलाच्या चाळीस द्रोणांचा बेत केला. चुरमुरे १६० रुपये, दाणे-डाळवं-कांदा-तेल-लिंबू २४० रुपये, द्रोण ६० रुपये; खर्च ४६०. पंधरा रुपयांना एक याप्रमाणे सगळे खपले तर गल्ल्यात ६०० आणि नफा १४०. इथवर हिशेब सगळेच लिहितात. पण चौघींचे दोन-दोन तास धरले तर आठ तासांना १४० रुपये, म्हणजे तासाला साडेसतरा. घरचा गॅस आणि आईने पहाटे उठून चिरून दिलेला कांदा अजून धरलेलाच नाही. वहीत मजुरीचा रकाना नसेल तर हा नफा खोटा आहे. तो रकाना प्रत्येक शाळेने आखून घ्यावा. सोलापुरात हजारो बायका घरी बसून विड्या वळतात आणि मजुरी दर हजारी मिळते. त्यांच्या मुलींना घरात बसून केलेल्या कामाला दाम असतो हे ठाऊकच असते. त्या मुली हा रकाना न अडखळता भरतात, आणि मग बाकीच्या त्यांच्याकडून शिकतात.

मुलगे पूर्वी हातगाडी ढकलणे आणि पैसे मोजणे एवढ्यापुरते असत. आता ते तव्यापाशीही दिसतात, तरी भांडी घासायच्या वेळी पांगतात. गटाच्या कामाची वाटणी फळ्यावर लिहून ठेवली तर हा प्रश्न सुटतो. संक्रांतीच्या सुमारास शाळांत आयांचे हळदीकुंकूही होते. त्याला विधवा आई बहुतेक वेळा येत नाही, तिला बोलावलेच जात नाही. आनंद बाजाराला मात्र ती येते, लेकीच्या पालासमोर उभी राहून भाव करते आणि पैसे मोजून देते.

चार वाजता घंटा होते. उरलेला सुशीला मऊ पडलेला असतो, तो फुकट वाटावा लागतो आणि गटाच्या वहीत तेवढा तोटा लागतो. कडक भाकरीवाले आपली चळत कापडात गुंडाळून ठेवतात. ती आठ दिवसांनीही तशीच कुरकुरीत असते.